कॅन्सरच्या पेशंटचं कॅल्शियम वाढलं तर: हार्मोनचे रिपोर्ट कसे वाचायचे अन् कुठलं औषध कधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की कॅन्सरच्या पेशंटला काहीही झालं तरी घरचे म्हणतात ऊन लागलं. माणूस सारखा पाणी मागतोय, सारखा लघवीला जातोय, जेवण बंद, मळमळ, चार-पाच दिवस संडास नाही, अन् आता नुसता पडून आहे, हाक मारली की डोळे उघडतो परत मिटतो. घरातली म्हातारी अहिराणीत सांगते, "नुसता झोपी ऱ्हास, काय व्हयनं समजत नई." ऊन नसेल तर किमोचा दोष, किमो चालू नसेल तर "आजारच वाढला, आता काय करणार". हे सगळं खरं असू शकतं, पण अजून एक कारण असतं जे राहूनच जातं, ते म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढणं. ते साध्या रक्ततपासणीत त्याच दिवशी कळतं, त्याच्यावर औषध आहे, आणि गुंगीत गेलेला पेशंट दोन-चार दिवसांत परत बोलायला लागतो असं पुष्कळदा होतं.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, कॅन्सर वॉर्डची औषधं आमच्याकडूनच जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, नातेवाइकांसाठी आणि तालुक्याला प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी पण. डोस लिहिलेत ते समजण्यासाठी लिहिलेत, घरी काही टोचायचं नाही, हा दवाखान्यात भरती करून करायचा उपचार आहे.

पहिलं काम: कॅल्शियम एकटं बघू नका, सोबत अल्ब्युमिन बघा

रक्तातलं जवळपास अर्धं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्य म्हणजे अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. कॅन्सरच्या पेशंटचं अल्ब्युमिन बहुतेक वेळा कमीच असतं, त्यामुळे रिपोर्टवरचा आकडा खोटा दिलासा देतो. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलीग्रॅम नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं पुढेमागे. हिशोब असा करायचा, ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, जे येईल त्याला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. समजा कॅल्शियम ११.२ आलं अन् अल्ब्युमिन २.२, तर ४ वजा २.२ म्हणजे १.८, गुणिले ०.८ म्हणजे १.४४, म्हणजे खरं कॅल्शियम साडेबाराच्या वर गेलं. ११.२ वाचून "थोडंसं वाढलंय" म्हणून घरी पाठवलेला पेशंट खरं तर भरती करायचा होता.

१२ पर्यंत सौम्य, १२ ते १४ मध्यम, १४ च्या वर गंभीर अशी ढोबळ विभागणी आहे. पण आकड्याइतकाच वेग महत्त्वाचा, महिनोन्‌महिने हळूहळू १२.५ झालेला माणूस चालत ओपीडीत येतो आणि आठवड्यात १२.५ वर उडी मारलेला गुंगीत जातो. त्यामुळे पेशंट बडबडतोय, ओळखत नाही, असं असेल तर आकडा कितीही असो इमर्जन्सी समजा.

आयोनाइज्ड कॅल्शियमची, म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजायची, सोय असेल तर सगळ्यात चांगलं. जिथे एबीजी मशीन (रक्तातला ऑक्सिजन वगैरे मोजणारं) आहे तिथे बहुतेकदा होऊन जातं. तो रिपोर्ट मिलीमोलमध्ये येतो, नॉर्मल साधारण १.१ ते १.३, चारने गुणलं की मिलीग्रॅम मिळतं. मायलोमाच्या (हाडाच्या मगजातल्या रक्तपेशींचा कॅन्सर) पेशंटमध्ये तर हे करायलाच पाहिजे कारण त्यांच्या रक्तातलं जादा प्रोटीन कॅल्शियमला धरून ठेवतं अन् टोटल आकडा उगाच मोठा दिसू शकतो. आणि सॅम्पल घेताना दंडाला पट्टा आवळून खूप वेळ ठेवला तरी कॅल्शियम वाढून येतं, टेक्निशियनला सांगायला लाजू नका.

सोबत त्याच वेळी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते यातून कळतं), सोडियम-पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम पाठवा आणि ईसीजी काढा. कॅल्शियम वाढलं की ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर आखूड होतं. पेशंट हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, वाढलेल्या कॅल्शियमसोबत ते धोक्याचं.

दुसरं: औषध सुरू व्हायच्या आधी पीटीएच या हार्मोनचं सॅम्पल

हे सगळ्यात जास्त राहून जातं. गडबडीत झोलेड्रॉनिक (हाडातून कॅल्शियम सुटणं थांबवणारं इंजेक्शन) लागतं, कॅल्शियम उतरतं, आणि मग कोणीतरी आठवड्याने पीटीएच करायला सांगतं. तोपर्यंत कॅल्शियम खाली आल्यामुळे पीटीएच आपोआप वर चढलेलं असतं आणि रिपोर्टचा काही अर्थ लागत नाही. म्हणून कॅल्शियम वाढलेलं असतानाच, शक्यतो त्याच सुईत, पीटीएचचं सॅम्पल काढून ठेवायचं. रिपोर्ट उद्या येऊ दे, सॅम्पल आज.

पीटीएच म्हणजे मानेतल्या थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात त्यांचं हार्मोन, नॉर्मल साधारण १५ ते ६५ पिकोग्रॅम. आपल्याकडे केळीच्या बागायतदाराला हे पटकन कळेल. पीटीएच म्हणजे ऑटो स्विचवर चालणारी मोटार आहे, टाकीत कॅल्शियम कमी झालं की चालू, भरलं की बंद. कॅन्सरच्या गाठी काय करतात, त्या स्वतःची दुसरी मोटार डायरेक्ट जोडून टाकतात जिला ऑटोच नाही, टाकी वाहतेय तरी ती चालूच. मग शरीराची मूळ मोटार बंद पडते, म्हणजे पीटीएच अगदी खाली जातं, २० च्या खाली. म्हणून कॅन्सरमुळे कॅल्शियम वाढलं असेल तर पीटीएच कमी यायला पाहिजे.

आणि समजा कॅल्शियम १३ आहे अन् पीटीएच ५५ आलं, लॅबने पुढे नॉर्मल छापलंय, तर ते नॉर्मल नाही. एवढ्या कॅल्शियमला पीटीएच दबलेलं असायला हवं होतं, दबलं नाही म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथीतच काहीतरी आहे, बहुतेकदा साधी गाठ. कॅन्सरच्या पेशंटला हा दुसरा आजार सोबत असू शकतो आणि त्याचा इलाज वेगळा, ऑपरेशनचा. हे चुकलं तर "कॅन्सर पसरला" म्हणून घरचे हातपाय गाळतात जेव्हा तसं काही नसतं.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या पुष्कळ जणी घेतात, किमोनंतर तर हमखास. काही मशीनवर बायोटिनमुळे पीटीएच खोटंच कमी येतं. घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरला आधी सांगा.

तिसरं: पीटीएच कमी आलं, आता कुठला प्रकार

दुसऱ्या मोटारीचं नाव पीटीएचआरपी, म्हणजे पीटीएचसारखंच दिसणारं प्रोटीन. पीटीएच पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे कुलपात किल्ली बसावी तशा जागेवर, बसतं त्याच रिसेप्टरवर हे बसतं, हाडातून कॅल्शियम काढतं आणि किडनीला लघवीतून कॅल्शियम सोडू देत नाही. गाठच असं काहीतरी सोडत असेल असा अंदाज अमेरिकेतले डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्येच केला होता, एका किडनीच्या कॅन्सरच्या पेशंटवरून, पण ते प्रोटीन प्रत्यक्ष हातात यायला १९८७ उजाडलं. कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढलेल्या दहातल्या जवळपास आठ पेशंटमध्ये हाच प्रकार असतो. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, गर्भाशयाचं मुख यांचे स्क्वॅमस सेल (वरच्या अस्तराच्या चपट्या पेशींचे) कॅन्सर, शिवाय किडनी, मूत्राशय, अंडाशय, स्तन. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट किती आहेत ते कुठल्याही वॉर्डात एक चक्कर मारली तरी दिसतं, म्हणून तोंडाच्या पेशंटच्या घरच्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. यात हाडात कॅन्सर पसरलेला नसला तरी कॅल्शियम वाढतं, बोन स्कॅन क्लिअर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. फॉस्फरस बहुतेकदा कमी येतो.

पीटीएचआरपीची टेस्ट सगळीकडे होत नाही, सॅम्पल खास ट्यूबमध्ये, थंड ठेवून मोठ्या लॅबला जातं आणि रिपोर्टला दिवस लागतात. माझं मत असं की कॅन्सर आधीच माहीत आहे, पीटीएच दबलेलं आहे, तर या टेस्टसाठी घरच्यांना पैशात उतरवायची आणि उपचार थांबवायची काही गरज नाही. कॅन्सर सापडतच नसेल तेव्हा मात्र ती कामाची.

दुसरा प्रकार हाडातच पसरलेल्या कॅन्सरचा, साधारण दहात दोन. स्तनाचा कॅन्सर आणि मायलोमा हे त्यातले मुख्य. तिथे कॅन्सरच्या पेशी जागेवरच हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात.

तिसरा प्रकार दुर्मिळ पण ओळखला पाहिजे कारण औषध वेगळं आहे. काही लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) गाठी व्हिटॅमिन डीचं तयार रूप, कॅल्सिट्रायॉल, स्वतःच बनवतात. इथे लॅबमध्ये गोंधळ होतो बघा. नेहमी करतो ती व्हिटॅमिन डीची टेस्ट म्हणजे २५ हायड्रॉक्सी, ती शरीरातला साठा सांगते. कॅल्सिट्रायॉलची टेस्ट म्हणजे १,२५ डायहायड्रॉक्सी, वेगळी लिहून द्यावी लागते. लिम्फोमात दुसरी वाढते, पीटीएचआरपीच्या प्रकारात ती कमी किंवा नॉर्मल असते. आणि पहिलीच १५० नॅनोग्रॅमच्या वर आली तर कॅन्सर राहिला बाजूला, पेशंटला व्हिटॅमिन डी जास्त झालंय. आठवड्याला एकच घ्यायची ६०,००० युनिटची पुडी रोज घेतलेली, किंवा गुडघे दुखतात म्हणून ६ लाखांची इंजेक्शनं वरचेवर घेतलेली, असे पेशंट आपल्याकडे काही नवीन नाहीत.

चौथं: घरची पिशवी उलटी करून बघा

मी नातेवाइकांना नेहमी सांगते की सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन या, नावं सांगू नका. त्यात बघायचं काय तर कॅल्शियमच्या गोळ्या, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ए, अ‍ॅसिडिटीच्या कॅल्शियमवाल्या चघळायच्या गोळ्या, बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, लिथियम. ही औषधं कॅल्शियम वाढवतात किंवा अडवून ठेवतात. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या आधीच ताणलेल्या किडनीला मारतात. बीपीची अन् लिथियमची गोळी डॉक्टरला विचारून बदला, स्वतः तोडू नका.

शंख भस्म, प्रवाळ, मोतीशुक्ती, गोदंती, हे सगळं कॅल्शियमच आहे, ते पण सांगा, लपवू नका. आणि तो मोबाईलवर फिरणारा सल्ला की रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा हाडं मजबूत होतात, तो या पेशंटला ताबडतोब बंद करा.

दूध मात्र बंद करू नका. पीटीएचआरपीच्या आणि हाडातल्या प्रकारात कॅल्शियम हाडातून येतं, आतड्यातून जादा शोषलं जात नाही. आधीच काही न खाणाऱ्या माणसाचं दूध-दही तोडून काहीच मिळत नाही, उलट अशक्तपणा वाढतो. लिम्फोमाच्या प्रकारात आणि व्हिटॅमिन डी जास्त झालेल्यांत तेवढं खाण्यातलं कॅल्शियम कमी करतात.

पाचवं: सलाईन, आणि ते नीट

कॅल्शियम वाढलं की किडनीची पाणी धरून ठेवायची ताकद जाते, लघवी जास्त होते, शरीर सुकतं, सुकलं की किडनी अजून कमी कॅल्शियम बाहेर टाकते, कॅल्शियम अजून वाढतं. हा फेरा तोडायला पहिलं औषध नॉर्मल सलाईन. साधारणपणे सुरुवातीला १ ते २ लिटर, मग तासाला २०० ते ३०० मिली, असं की लघवी तासाला १०० ते १५० मिली व्हावी. पण हे तरुण, हृदय चांगलं असलेल्या पेशंटचं झालं. ७० वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना हाच स्पीड दिला तर छातीत पाणी होतं, तिथे डॉक्टर हळू देतात, वरचेवर छाती तपासतात. नातेवाइकांनी करायचं काम म्हणजे लघवीचं माप लिहून ठेवणं, वेळेसहित. वॉर्डात स्टाफ कमी असतो, तुमची वही खरंच उपयोगी पडते.

पूर्वी सलाईनसोबत सरसकट लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) द्यायची पद्धत होती. आता तसं करत नाहीत, अंगात पाणी साठलं तरच देतात, नाहीतर भरलेलं पाणी परत बाहेर आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम पण सोबत जातं. पोटॅशियम सलाईनच्या उपचारात तसंही उतरतं, रोज बघावं लागतं. रावेर-यावलकडचे लोक लगेच केळी खाऊ घालतात, क्रिएटिनिन ठीक असेल तर चालेल, किडनी बसलेली असेल तर विचारल्याशिवाय नको.

एकटं सलाईन पुरत नाही हे पण लक्षात ठेवा. थोडं उतरतं, पण हाडातून कॅल्शियम येणं चालूच असतं. दोन बाटल्या लावून, डोळे उघडले म्हणून घरी नेलेला पेशंट चार दिवसांत परत तिथेच येतो.

सहावं: हाडाचं औषध

आता मुख्य औषधांवर येते.

कॅल्सिटोनिन हे सगळ्यात लवकर काम करतं, ४ ते ६ तासांत. डोस किलोला ४ युनिट, दर १२ तासांनी, चामडीखाली किंवा स्नायूत, गरज पडली तर ८ युनिटपर्यंत. उतरवतं साधारण १ ते २ मिलीग्रॅम, आणि ४८ तासांनंतर शरीर त्याला दाद देणं बंद करतं. म्हणजे हे फक्त मधल्या दोन दिवसांचं औषध, १४ च्या वर किंवा गुंगीतल्या पेशंटला. नाकात मारायचा स्प्रे या कामाचा नाही. हे इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, छोट्या गावात पटकन मिळत नाही, नाशिक-मुंबईहून मागवलं तर आईसबॉक्समधूनच आणा आणि बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं तरी वाया. खाली येणाऱ्या डेनोसुमॅब इंजेक्शनचं पण तेच. मे महिन्यात दुपारच्या एसटीत पिशवीतून आणलेलं इंजेक्शन मी वॉर्डला देत नाही, कितीही महागाचं असो.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे इथलं रोजचं, परवडणारं आणि भरवशाचं औषध. ४ मिलीग्रॅम, १०० मिली सलाईनमध्ये, कमीत कमी १५ मिनिटं, घाईघाईत कधीच नाही कारण किडनीला लागतं. रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं. आधी अंगात पाणी भरलेलं पाहिजे. परिणाम दिसायला एक-दोन दिवस, पूर्ण उतरायला ४ ते ७ दिवस, त्यामुळे दुसऱ्या दिवशी "इंजेक्शन लागू पडलं नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. पुरेसं उतरलं नाही तर परत देता येतं पण ७ दिवसांच्या आत नाही. २००१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दहाव्या दिवशी ४ मिलीग्रॅम झोलेड्रॉनिकने ८८ टक्के पेशंटचं कॅल्शियम नॉर्मल झालं होतं, जुन्या पॅमिड्रोनेटने ७० टक्के. पॅमिड्रोनेट ६० ते ९० मिलीग्रॅम, २ तासांपासून २४ तासांपर्यंत हळूहळू देतात, झोलेड्रॉनिक नसेल तर ते पण चालतं. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप अन् अंगदुखी येते, पॅरासिटामॉलने जाते, पण किमो चालू असलेल्या पेशंटचा ताप म्हणजे आधी पांढऱ्या पेशी बघायच्या, इंजेक्शनचाच आहे असं धरून बसायचं नाही.

डेनोसुमॅब हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणारा सिग्नल अडवतं. १२० मिलीग्रॅम चामडीखाली, पहिल्या महिन्यात १, ८, १५ आणि २९ व्या दिवशी, मग दर ४ आठवड्यांनी. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ते ६० मिलीग्रॅमचं इंजेक्शन वेगळं, मेडिकलवर मागताना आकडा नीट बघा. किडनीतून जात नाही म्हणून क्रिएटिनिन खूप वाढलेल्यांना हे बरं पडतं. झोलेड्रॉनिकला दाद न देणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०१४ ला मंजूर झालं आणि २०२३ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या गाईडलाईनमध्ये तर झोलेड्रॉनिकच्या आधी याला पसंती आहे. पण तीच गाईडलाईन सांगते की दोन्हींपैकी एक द्याच, आणि खर्चाचा फरक बघता बहुतेक घरांसाठी किडनी बरी असेल तर झोलेड्रॉनिक आज लावणं हे डेनोसुमॅबचे पैसे जमवत चार दिवस थांबण्यापेक्षा लाख पटीने चांगलं, असं मला ठामपणे वाटतं. किडनी बसलेल्यांना आणि व्हिटॅमिन डी कमी असलेल्यांना डेनोसुमॅबने कॅल्शियम उलट फार खाली जाऊ शकतं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या, हातापायांत गोळे आले तर लगेच कळवा. आणि सुरू झालेलं डेनोसुमॅब मनाने सोडू नका, सोडल्यावर हाडांची झीज उसळून येते.

कॅल्सिट्रायॉलच्या प्रकाराला, म्हणजे लिम्फोमाला, स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन रोज २० ते ४० मिलीग्रॅम, २ ते ५ दिवसांत फरक. फक्त एक, लिम्फोमाचा नुसता संशय असेल, तुकडा काढलेला नसेल, तर आधी बायॉप्सी करून घेता येते का बघा, स्टेरॉइडने गाठ विरघळते अन् मग रिपोर्टच लागत नाही. पॅराथायरॉईड ग्रंथीचाच कॅन्सर असेल, फार क्वचित, तर सिनाकॅल्सेटच्या गोळ्या लागतात. कॅल्शियम १८ च्या पुढे किंवा लघवीच बंद झाली तर डायलिसिस, तिथे वेळ घालवायचा नाही, सोय असेल तिथे सरळ हलवायचं.

हलवताना, आणि घरी आल्यावर

जळगाव किंवा धुळ्याच्या मेडिकल कॉलेजला, किंवा पुढे नाशिक-मुंबईला, नंदुरबारकडचे सुरतला जातात, कुठेही न्यायचं तर एका कागदावर लिहून घ्या: कॅल्शियम आणि अल्ब्युमिन किती, कोणत्या तारखेचं, पीटीएचचं सॅम्पल गेलं का, सलाईन किती गेलं, झोलेड्रॉनिक कोणत्या तारखेला आणि किती वाजता. नाहीतर तिथे दुसरा डोस लागायची भीती असते. सलाईन चालू ठेवूनच न्या. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

एक अवघड गोष्ट पण बोलायला पाहिजे. पीटीएचआरपीचा प्रकार बहुतेकदा आजार पुढे गेल्यावर येतो, आणि मूळ कॅन्सरवर काही औषध चालत नसेल तर कॅल्शियम परत परत वाढतं, पुढचा काळ महिन्यांचा असतो. अशा वेळी दर वेळी सुया टोचत भरती करायचं की घरी त्रास कमी ठेवायचा, हे डॉक्टरांशी आणि पेशंट शुद्धीवर असेल तर त्याच्याशी पण बोला. कॅल्शियम उतरवलं की तो काही दिवस बोलता-ओळखता होतो, ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या त्या तेव्हाच बोलून घ्या. त्यासाठी एक झोलेड्रॉनिक लावणं मला कधीच वाया वाटलं नाही.

घरी आल्यावर पेशंटला जमेल तेवढं बसवा-चालवा, अंथरुणात पडून राहिलं की हाडातून अजून कॅल्शियम सुटतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला २ ते ३ लिटर पाणी. कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन एका आठवड्याने, मग दोन-तीन आठवड्यांनी, तारखा फाईलवर आधीच टाकून घ्या. झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब पुढे चालू राहणार असेल तर दात दाखवून घ्या आणि दात काढायचा असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काढू नका, जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो, तोंडाला रेडिएशन झालेल्यांना तर जास्तच. मधल्या काळात तहान, बद्धकोष्ठता आणि झोप हे तिन्ही परत एकत्र दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्त द्या, बाहेर ऊन कितीही असो.